इरकलीच्या काठाचा पट्टा

९ नोव्हेंबर

आमच्या गाडीला वास कशाचा येतो? तीन दिवस शोधतेय, आणि प्रामाणिकपणे लिहायचं तर मला सांगता येत नाही. सडक्या भाजीचा नाही. ओल्या गादीचा नाही. उंदीर मेलाय म्हणावं तर उंदीर सापडत नाही. वास गोडसर आहे, आणि गोडसर आहे म्हणूनच सहन होत नाही. काल मागचं दार उघडलं आणि ओढणी तोंडाला लावून अंगणात येऊन उभी राहिले, तर सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "काय गं, गोड बातमी आहे की काय?"

मी बी.एस्सी. आहे, प्राणिशास्त्र घेऊन. आमच्या घराण्यातली पहिली पदवी. इंदापूरला माहेरी आप्पांनी माझ्या प्रमाणपत्राची झेरॉक्स देव्हाऱ्याशेजारी लावली आहे. अशा मुलीला साधा एक वास ओळखता येऊ नये? आज डिकी फिनेलने धुतली, चटई उन्हात टाकली. सीटखाली हात घातला तर एक पांढरं पीस मिळालं. नवऱ्याला, मोहितला, दाखवलं. "बगळ्याचं असेल," तो म्हणाला, "भिगवणला गेलो होतो ना, बुटाला चिकटून आलं असेल."

किती स्वच्छ पांढरं आहे. या पानावर चिकटवून ठेवलंय.

सासूबाईंचं मत ठरलेलं आहे. वास कुत्रीचा, माझ्या छकुलीचा.

१० नोव्हेंबर

छकुलीला शिकेकाईने आणि मग कडुलिंबाच्या पाण्याने अंघोळ घातली. ती शहाण्यासारखी उभी राहिली, फक्त थरथरली. नंतर मी नाक तिच्या पाठीला लावून हुंगलं. ओल्या कुत्र्याचा वास होता. तो वेगळा असतो.

ही माझी पाठराखीण. लग्नानंतर सासरी येताना मुलीसोबत कुणीतरी पाठवायचं असतं. माझी बहीण बारावीच्या परीक्षेत होती, तर आप्पा म्हणाले, "ही छकुलीच जाऊ दे तुझ्यासंगं." सगळा मांडव हसला. छकुली तेव्हा वर्षाची होती. ऊसतोडीच्या वेळी पाचटात सापडलेलं पिल्लू. इतर पाठराखिणी पाच दिवसांनी परत जातात. ही दीड वर्ष झालं, इथे जळोचीतच आहे.

१४ नोव्हेंबर

आमच्या पेजला आता पुष्कळ लोक जोडले गेलेत. 'दोघं, छकुली आणि माळरान.' फोटो मोहितचे, शब्द माझे. कधी छकुलीची अंघोळ, कधी मी बनवलेल्या चिंध्यांच्या बाहुल्या, कधी आमच्या सहली, आणि मधूनमधून माळावरचे पक्षी, चिंकारा. ऑक्टोबरात छकुली आजारी होती तेव्हाचा व्हिडिओ सर्वांत जास्त पाहिला गेला. माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे, एवढं जरी लोकांना पटलं तरी माझं शिक्षण कामी आलं असं मी समजेन. परवा एका शाळेत मी याच विषयावर बोलून आले. पोरांनी लांडग्याची चित्रं काढली. एकाने लांडग्याला चष्मा लावला होता.

आज आईच्या जुन्या इरकलीचा लाल काठ कापून, तीन पदरी वेणी घालून छकुलीला पट्टा केला. मध्ये दोन कवड्या ओवल्या. मोहित म्हणाला, "भारी दिसतो. लांबून उठून दिसेल."

१९ नोव्हेंबर

मोहितला लपण शिवून दिलं. लपण म्हणजे ज्याच्या आड बसून फोटो काढायचा तो आडोसा. साखरेची रिकामी पोती उसवून, त्यांवर वाळल्या गवताच्या रंगाच्या चिंध्या टाचल्या. बोटं सोलली पण काम छान झालं. जनावराला त्रास न देता त्याला पाहता यावं यासाठी आपले हात झिजले, हे मला आवडलं. उरलेली चार पोतीही मोहित घेऊन गेला. कशाला ते विचारायचं राहिलं.

वास पुन्हा आला आहे. फिनेलच्या खालून येतो आता.

मोहितची एक गोष्ट मात्र नोंदवण्यासारखी आहे. माळावरून आला की जेवायच्या आधी तो दोन-दोन लिंबं घेऊन हात घासतो. नखांतसुद्धा. माझ्या मैत्रिणींचे नवरे चिखलाच्या हाताने भाकरी मोडतात.

२३ नोव्हेंबर

आज खूप काही झालं. क्रमाने लिहिते.

सासूबाईंनी सकाळी बजावलं की या कुत्रीच्या वासाचं काहीतरी करा. मोहित लगेच म्हणाला, "मी तिला इंदापूरच्या डॉक्टरकडे दाखवून आणतो." मी येते म्हणाले तर म्हणाला, "तू कशाला? मला पुढे एक काम आहे." तो आणि छकुली दुपारी दोनला गेले. रात्री आठला आले.

छकुली गाडीतून स्वतःहून उतरली नाही. मी उचलून काढली. अंगभर कुसळं. मानेवरचे केस एका बाजूने गेलेले, कातडी लाल. पट्टा नाही. आणि वास! तिच्यातून असा वास येत होता की मला ओकारीच आली. ती सरळ कॉटखाली शिरली आणि तिथेच मुतली. दीड वर्षात पहिल्यांदा.

"पळाली ना वाटेत," मोहित म्हणाला. "ओढ्यात काहीतरी मेलेलं होतं, त्यात लोळली. पट्टा तिथेच पडला. डॉक्टर म्हणाले, अंगाचा वास आहे, काही जातींना असतो."

"गावठी आहे ती. हिच्या आईला पण आम्ही बघितलंय. तिला नव्हता."

"मग तूच विचार डॉक्टरांना. आधी हे बघ."

त्याने कॅमेरा पुढे केला. आणि मी सगळं विसरले, हे कबूल करते. सोनेरी गवतात उभा लांडगा. पुढचा एक पाय उचललेला, मान वर, कान पुढे, आणि नजर फोटोच्या बाहेर, उजवीकडे. डोळ्यांत मावळतीचं पिवळं ऊन. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "येताना वाटेत मिळाला," मोहित म्हणाला.

रात्रीच चार ओळी लिहून दिल्या: 'तो कुणाकडे पाहतोय? मावळतीकडे? की त्या मोकळेपणाकडे, जो आपण कधीच हरवून बसलो?'

मोहितने माझ्या कपाळाचा मुका घेतला. हाताला लिंबाचा वास होता.

२५ नोव्हेंबर

फोटोचं फार कौतुक होतंय. बारामतीतल्या एका हॉलमध्ये डिसेंबरअखेर प्रदर्शन ठरतंय. मोहितचं पहिलं. लांडगा दर्शनी भिंतीवर.

छकुली कॉटखालून जेवायला तेवढी येते.

३० नोव्हेंबर

रविवार म्हणून मलाही माळावर नेलं. छकुलीला न्यायचं होतं पण ती गाडीत चढेना. दार उघडलं की बसकण मारते. मी ओढली तर माझ्यावर गुरगुरली. माझ्यावर! शेवटी बांधून ठेवून गेलो.

इंदापूरच्या बाजूला मेंढरं घेऊन एक म्हातारे उभे होते, माऊली आबा. मोहितला बघून काठी टेकली.

"काय पाव्हणं, ती कुत्री बरी हाय का?"

"बरी आहे आबा. निघतो आम्ही, ऊन जाईल."

"जित्ती हाय म्हंजे लई झालं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्या कोन? मालकीनबाई व्हय? बाई, मुकं जनावर हाय. जीव लावा तिला."

"लावते की आबा," मी हसून म्हणाले.

"आन तुमचं ते कोंबड्यांचं जरा..." ते बोलत होते, पण मोहितने गाडी काढली होती. कोंबड्यांचं काय, विचारलं तर म्हणाला, अंडी विकत घेतो का विचारत असेल.

बघा, ऑक्टोबरचा तो व्हिडिओ कुठपर्यंत पोचला! मेंढरांमागे फिरणारा म्हातारासुद्धा छकुलीची चौकशी करतो. पेजवर लिहिलं हे. लोकांना आवडलं.

७ डिसेंबर

आज जे झालं त्याची शिसारी अजून गेलेली नाही.

संकष्टी होती. सासूबाईंना मोरगावला न्यायचं ठरलेलं. त्या पुढच्या सीटवर, मांडीवर एकवीस मोदकांचा डबा, नवी जांभळी साडी. मी मागे. काचा बंद, कारण रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची धूळ. मोरगावच्या अलीकडे ऊन वर आलं आणि वासही वर आला. आज तो गोडसर नव्हता. आज तो तोंडात बसला, दातांना लागला. सासूबाईंनी पदर नाकाला लावला आणि दुसऱ्या हाताने डबा दाबून धरला, जणू वास झाकणातून आत जाईल.

"देवाच्या दारात हा घाणेरडा वास घेऊन जायचा?"

"आई, छकुली दोन आठवडे गाडीत बसलेलीच नाही," मी म्हणाले.

"मग कोण बसलंय? मी?"

मोहितने काच खाली केली.

देवळात सासूबाई डबा पुढे करीनात. चार वेळा हुंगून पाहिला. शेवटी पेढे विकत घेऊन नैवेद्य दाखवला आणि परत येताना मोदक एका गाईला घातले. गाईनेही आधी हुंगले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बघा! जनावराला कळतं."

घरी येताच त्यांचा निकाल आला. प्रदर्शनाला पाहुणे घरी येणार. त्या दिवशी कुत्री या घरात दिसता कामा नये. मी मोहितकडे पाहिलं. तो बूट सोडत होता. म्हणाला, "आईचं पण बरोबर आहे, संजू. इंदापूरला मजेत राहील ती."

मी मागच्या अंगणात गेले. छकुली शेपूट हलवत आली. मी तिला मारलं. तोंडावर, हाताने, दोनदा. "का लोळतेस घाणीत?" असं ओरडत होते. ती पळाली नाही. डोळे मिटून उभी राहिली.

लिहिताना हात घाण वाटतोय.

१५ डिसेंबर

पत्रिका छापून आल्या. प्रत्येक फोटोखाली लावायची कार्डं मी हाताने करतेय. उसाच्या चिपाडाचा लगदा वाटून, चाळणीवर पसरून, वाळवून कागद बनवला. खरखरीत पण देखणा. बत्तीस फोटो, बत्तीस कार्डं. हॉलमधली मांडणीही माझ्याकडेच आहे.

छकुली आता अंगणात बांधलेली असते. रात्री कुडकुडते म्हणून पोतं टाकलं. पोत्यावर बसत नाही. पोतं बाजूला सारून फरशीवर बसते.

आज इंदापूरच्या डॉक्टरांना फोन केला, दुसरं काही औषध आहे का म्हणून. ते म्हणाले, "ताई, तुमची कुत्री माझ्याकडे ऑक्टोबरनंतर आलेली नाही." मी म्हटलं, तुमच्या लक्षात नसेल, गर्दी असते. मोहित दुसऱ्या कुणाकडे गेला असावा.

१९ डिसेंबर

मोहित आज सोमेश्वरनगरला लग्नाच्या शूटिंगवर. फ्रेमवाल्याला फाईल द्यायची होती. फोनवर म्हणाला, "लॅपटॉपवर 'अंतिम' नावाचं फोल्डर आहे, त्यातली एकच उचल. बाकी कशाला हात लावू नकोस, गोंधळ होईल."

मी गोंधळ केला. 'अंतिम'मध्ये कापलेला फोटो होता. फ्रेमवाला म्हणाला, एवढा मोठा करायला मूळ फाईल लागेल, कापलेली धुरकट येईल. म्हणून मूळ शोधली. तारीख २३ नोव्हेंबर, वेळ पाच वाजून वीस मिनिटं.

मूळ फोटो रुंद आहे. लांडगा डावीकडे. त्याच्यापुढे गवत दाबलेलं, आणि त्यात पांढरा ढीग. मोठा करून पाहिलं. कोंबड्या. ब्रॉयलर, पोल्ट्रीत मेलेल्या फेकून देतात तशा. पायांना तार, तार दगडाला. काहींची पोटं फुगून हिरवी झालेली. शेजारी माझी साखरेची पोती, घड्या घालून ठेवलेली.

मग उजवा कोपरा. बाभळीचं खोड, खोडाला दोर, आणि दोराच्या टोकाला, पोट जमिनीला चिकटवून, कान पाडून, छकुली. गळ्यात लाल काठ. दोन कवड्या.

तो कुणाकडे पाहतोय, हे मी विचारलं होतं.

त्या फोटोच्या मागेपुढे अजून आहेत. एक्केचाळीस. पहिल्यात लांडगा लांब, ठिपक्याएवढा. मग प्रत्येकात थोडा जवळ. मी एकेक पुढे करत गेले. पंधराव्यात छकुलीने दोर ताणलाय, मान मागे, डोळे पांढरे. तिसाव्यात ती पडलीय. चाळिसाव्यात लांडग्याचं नाक तिच्यापासून वीतभर. एक्केचाळिसावा हललेला आहे. वेळा वजा करून पाहिल्या. चार मिनिटं.

उठून मोरीत गेले. पोटात होतं ते सगळं गेलं, मग पिवळं पाणी गेलं.

मग या वहीचं पहिलं पान काढलं. बगळ्याचं पीस! बी.एस्सी. प्राणिशास्त्र. पोल्ट्रीशेजारच्या गावात वाढलेली मुलगी. मी ते डिंकाने चिकटवलंय.

अंगणात जाऊन छकुलीपाशी बसले. हात पुढे केला तर तिने डोळे मिटले. मार येईल म्हणून.

२० डिसेंबर

मोहितशी बोलले. ओरडले नाही. सगळं जसं बोललं गेलं तसं लिहिते, म्हणजे नंतर मला गोड करून आठवता येणार नाही.

"तिला काय झालं?" तो म्हणाला. "एक चावा तरी आहे का अंगावर?"

"मान सोलली होती."

"दोराने. लांडग्याने नाही."

"का बांधलीस?"

तो पलंगावर बसला. समजावून सांगायला लागला. आवाज चांगला होता, शिकवतात तसा. "महिनाभर कोंबड्या टाकतोय, संजू. तो येतो, पण नुसत्या कोंबड्या असल्या की त्याची मान खाली जाते. मान खाली घातलेला लांडगा रस्त्यावरच्या कुत्र्यासारखा दिसतो. मला मान वर पाहिजे होती."

"तिच्यावर आला असता तर?"

"मी होतो ना तिथे. वीस फुटांवर."

"चार मिनिटं तू काय करत होतास?"

त्याला प्रश्न खरंच कळला नसावा. "फोटो काढत होतो," म्हणाला.

मग म्हणाला, "तूच म्हणतेस ना, लोकांना माळ दिसला पाहिजे? दिसला. आता पेजवर पोरं लांडग्याची चित्रं काढून पाठवतायत. हे माझ्या त्या फोटोने होतंय, तुझ्या भाषणाने नाही." याचं उत्तर आज दिवसभर शोधते आहे. एवढंच सुचतंय की त्या पोरांना मी माझ्या चार ओळींतून खोटं सांगितलं, आणि लांडगा आता माणसाच्या वासामागे येतो. माऊली आबा तेच सांगत होते बहुतेक. त्यांची मेंढरं तिथेच असतात.

"आणि वास?" मी विचारलं. "दीड महिना ती वासाचं खापर घेऊन बसलीय. तू सगळं ऐकत होतास. मोरगावच्या वाटेवर ऐकत होतास. मी तिला मारलं तेव्हा खिडकीत होतास."

"मग काय सांगणार होतो आईला? तुझ्या गाडीत मेलेल्या कोंबड्या नेतो म्हणून?"

हे म्हणताना तो जरासा हसला. त्या हसण्याची मला जेवढी किळस आली तेवढी त्या ढिगाचीसुद्धा आली नव्हती.

मग जेवायला बसला. तीन भाकरी खाल्ल्या. लिंबू पिळून.

२२ डिसेंबर

दोन दिवस मी जेवत नाही हे सासूबाईंच्या लक्षात आलं. भाजी निवडताना म्हणाल्या, "कुत्रीसाठी एवढं? माणसं गेली तरी दोन घास खातात."

मी लॅपटॉप आणून त्यांच्यापुढे ठेवला. चष्मा दिला.

त्या बराच वेळ बघत होत्या. छकुलीकडे नाही. ढिगाकडे.

"ह्या... मेलेल्या आहेत?"

"हो आई."

"कुठनं आणल्या?"

"पोल्ट्रीवरून. डिकीतून. महिनाभर."

"माझ्या गाडीतनं?" ती गाडी सासऱ्यांच्या फंडातून घेतलेली. दर दसऱ्याला त्या तिला स्वतः हार घालतात. "संजीवनी, मी मांडीवर मोदक घेऊन बसले होते. आणि माझ्या पाठीमागे..."

त्या उठून मोरीत गेल्या. आवाज बाहेरपर्यंत येत होता. मला बरं वाटलं. हे लिहायला नको होतं, पण वाटलं.

तोंड धुऊन आल्या त्या सरळ अंगणात. छकुलीची साखळी सोडायला त्यांना जमेना, त्यांनी कधी तिला हात लावलेलाच नाही. मी पुढे झाले तर म्हणाल्या, "थांब, मी सोडते." सोडली. छकुली उंबऱ्याशी अडली. "ये आत," सासूबाई म्हणाल्या. "ये बाई. चुकलं आमचं."

रात्री त्यांनी मोहितला ताट वाढलं नाही. त्याने स्वतः घेतलं. मी निजायच्या आधी त्या दाराशी आल्या. "संजीवनी, प्रदर्शन तेवढं पार पडू दे. पत्रिका गेल्यात. चार लोकांत शोभा नको. मग मी बघते त्याच्याकडे."

मी चादर झटकत राहिले. त्यांनी ते हो समजलं.

२५ डिसेंबर

फ्रेमवाल्याकडे जाऊन आले. कार्डं झाली. एकतीस.

२७ डिसेंबर, सकाळ

हॉलच्या पायरीवर बसून लिहितेय. उद्घाटन अकराला. आता साडेनऊ. छकुली शेजारी आहे. गाडीत चढत नाही म्हणून जळोचीपासून दोघी चालत आलो. चौकीदाराने "कुत्रं आत चालणार न्हाय" म्हटलं. मी म्हणाले, आत ती आधीपासून आहे. त्याला वाटलं मी चेष्टा करते.

सकाळी आप्पांना फोन केला.

"आप्पा, पिकअप घेऊन बारामतीला याल? छकुलीला न्यायची आहे."

"का गं? काय झालं?"

"काही नाही. पाठराखीण परत पाठवते."

मागे पाण्याची मोटर चालू होती. ते शेतात असावेत. मग म्हणाले, "पाठराखीन येती ती एकटीच येती, संजे. तू बी येतीस का काय?"

"व्हय," मी म्हणाले.

"मंग उघड्या पिकअपमदी बसायला गादी टाकतो," म्हणाले आणि फोन ठेवला. का ते विचारलं नाही.

पदवी घेऊन मुलगी परत येते म्हणून गाव काय बोलेल याचा विचार मी केला नाही असं नाही. रात्री तोच करत होते. सासूबाईंचाही केला. आज त्या जांभळी साडी नेसून येतील. त्यांनी छकुलीची साखळी स्वतः सोडली होती, आणि मी त्यांचं एक मागणं मोडलं. ते मनाला लागतंय. पण तो फोटो माझ्या ओळींसकट त्या भिंतीवर गेला असता तर छकुलीने पुन्हा डोळे मिटले असते, आणि या वेळी तिला बांधणारी मी असते.

एकतीस फोटोंना मी हात लावलेला नाही. ते मोहितचे आहेत, चांगले आहेत. बत्तिसाव्याची मूळ फाईल फ्रेमवाल्याला दिली. तो म्हणाला, "ताई, हा कोपरा कापू का? घाण दिसतंय." मी म्हटलं, कापू नका. त्याच्याखालचं कार्ड काल रात्री लिहिलं. इथे उतरवून ठेवते:

'लांडगा. २३ नोव्हेंबर, संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटं, इंदापूरच्या बाजूचं माळरान. समोर तारेने बांधलेल्या मेलेल्या कोंबड्या आहेत. त्या गाडीतून आणून टाकल्या होत्या. उजवीकडे बाभळीला बांधलेली कुत्री आमच्या घरची आहे. तिचं नाव छकुली. तिच्या गळ्यातला पट्टा माझ्या आईच्या इरकलीच्या काठाचा, मी विणलेला. फोटो काढणाऱ्याचं लपणही मीच शिवलं. तो कुणाकडे पाहतोय, असं मी आधी विचारलं होतं. तो छकुलीकडे पाहतो आहे. — संजीवनी'

फ्रेम दर्शनी भिंतीवर लागली आहे. जड होती. चौकीदाराने शिडी धरली, खिळा मी ठोकला.